पाइपाची लांबी

सुरतेत पांडेसऱ्याच्या एका कारखान्यात २०१४ साली मी एअरजेट माग बसवून देत होतो. या मागाला धोटा नसतो. व्हॉल्व्ह उघडला, की हवेचा झोत आडवा धागा बंदुकीच्या गोळीसारखा पलीकडे नेतो. मिनिटाला ६०० धागे. म्हणजे एका धाग्याच्या वाट्याला अवघे १०० मिलिसेकंद.

एक माग सारखा थांबे. धागा वेळेत पोचत नसे. शेठांनी दोष ठेवला मागावरच्या पोरावर. तो नंदुरबारकडून नुकताच आलेला. त्याचा पगार कापायचे ठरले.

मी संगणकावर गणित मांडले. व्हॉल्व्ह उघडल्यापासून २ मिलिसेकंदांत नोझलशी दाब तयार! आलेख देखणा आला. शेठ म्हणाले, "कागळ पर तो बधुं बराबर छे, तो भूल छोकरानी." मी गप्प राहिलो.

आमचे आबा खानदेशातून भुसावळच्या गाडीने सुरतेला आले. तीस वर्षे धोट्याच्या मागांवर काढली आणि त्या खडखडाटात कान गमावून बसले. त्यांना सगळे पाटीवर लिहून सांगावे लागे. त्या रात्री आलेख काढून दाखवला. बराच वेळ पाहून म्हणाले, "नळ सोडला की पाणी लगेच बादलीत पडतं का रे? पाइप किती लांब आहे?"

पाइप मी गणितात धरलाच नव्हता!

सकाळी मोजला. जागा अपुरी म्हणून व्हॉल्व्हची पेटी बाजूला बसवलेली, पाइप १.७ मीटर. दाबाची लाट सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावते, म्हणजे ५ मिलिसेकंद वाटेतच गेले. शिवाय पाइप भरायला वेळ लागतो तो वेगळाच. नोझलच्या तोंडाशी दाबमापक लावला, तर २ च्या जागी १० मिलिसेकंद! तेवढ्यात माग जवळजवळ २९ अंश पुढे फिरलेला असे. पेटी नोझलजवळ आणली, पाइप वीतभर ठेवला. गणितात पाइप घालून पुन्हा ताडून पाहिले. या वेळी दोन्ही आकडे जुळले.

शेठांनी पोराचा पगार पूर्ण दिला. मी खुशीत घरी आलो. आबांनी विचारले, "चूक त्याची नव्हती, हे त्याला सांगितलंस का?"

मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधीच जाऊन कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिलो.