दहापैकी तीन

पट्टी न घेता सरळ रेघ काढता येते का तुम्हाला? काढून बघा बरं! मला येते, आणि त्याची मला पुष्कळ वर्षं भलतीच ऐट होती. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात खडू ओढायचा आणि वळून वर्गाकडे बघायचं!

२०१४ साली माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. (नाव सांगत नाही, कारण तो हे वाचणार आहे.) मुलगा हुशार, पण लिहिताना त्याचा हात थरथरायचा. पट्टी धरली तर पट्टीच सरकायची. त्यानं काढलेला आयत पाण्यात पडल्यासारखा दिसायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "लक्ष कुठे असतं रे तुझं? एवढी साधी रेघ सरळ येत नाही?"

तो म्हणाला, "बाई, माझे पप्पा गवंडी आहेत. ते पण नुसत्या हातानं सरळ नाही करत. ते दोरी बांधतात."

वर्ग हसला. मला तो उद्धटपणा वाटला. मी त्याला दहापैकी तीन गुण दिले आणि त्याची वही उंच धरून सगळ्यांना दाखवली. गुणांचं एक वेळ सोडा, पण ते वही दाखवणं मला अजून टोचतं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तो अचानक घरी आला. दहावीनंतर सातपूरच्या आयटीआयमध्ये त्यानं ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा कोर्स केला. आता अंबडच्या एका लहानशा कारखान्यात तो यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करतो. मी चहा दिला, तर त्याच्या हातात कपबशी खडखडली. म्हणजे हात अजून थरथरतोच! मग हा रेघा काढतो तरी कशा?

पूर्वी हे काम मोठ्या तिरप्या फळ्यावर चालायचं. टी-स्क्वेअर, गुण्या आणि शाईचं पेन. शाईची रेघ चुकली तर ब्लेडनं अलगद खरवडायची. तिथे याला कुणी उभंसुद्धा केलं नसतं. पण १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकानं 'स्केचपॅड' नावाची करामत दाखवली. पडद्यावर प्रकाशलेखणीनं अंदाजे रेघा काढायच्या आणि मग 'या दोन समांतर कर' असं संगणकाला सांगायचं. पुढे १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं, आणि हे काम टेबलावरच्या साध्या संगणकावर होऊ लागलं.

माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न त्यानं ओळखला असावा. सॅकमधून लॅपटॉप काढून तो म्हणाला, "बाई, तुम्हीच काढा."

मी ऐटीत माउस धरला. एका जागी टिचकी, दुसऱ्या जागी टिचकी. रेघ आली, पण किंचित कललेली! त्यानं वरच्या रांगेतलं 'एफ ८' हे बटण दाबलं. आता माउस कितीही हलवला तरी रेघ आडवी नाहीतर उभीच जाई. तिरपी जायला तयारच नाही. "हीच ती दोरी, बाई," तो हळूच म्हणाला.

मग त्यानं माउस बाजूला ठेवायला सांगितलं. सुरुवातीचा बिंदू दिला, 'अ‍ॅट'ची खूण टाईप केली, मग १००, स्वल्पविराम आणि ०. एंटर! उजवीकडे शंभर, वर शून्य. बरोबर शंभराची आडवी रेघ हजर. तिरपी हवी असेल तर 'अ‍ॅट', १००, गणितातली 'पेक्षा लहान'ची खूण आणि ३०. म्हणजे तीस अंशांचा कोन. ती खूण इथे कोन सांगायला वापरतात, याची मला फार गंमत वाटली.

मी माझी शंका काढलीच. तिरपी रेघ डोळे बारीक करून पाहिली, तर तिच्यावर जिन्यासारख्या बारीक पायऱ्या! "ही बघ, वाकडीच आहे," मी म्हटलं. (खरं सांगू? मला थोडा आनंदच झाला.) तो हसला. पडदा ठिपक्यांचा बनलेला असतो, त्यामुळे तिरप्या रेघेला पायऱ्या दिसतात. संगणक आत ठेवतो ते फक्त दोन टोकांचे पत्ते: उजवीकडे किती, वर किती. आलेख कागदावर आपण बिंदू मांडतो ना, तसंच. फ्रेंच गणितज्ञ रेने देकार्त यांनी १६३७ साली मांडलेल्या कल्पनेतून आलेली ही रीत. रेघ कितीही मोठी करून बघा, संगणक त्या दोन पत्त्यांवरून ती नव्यानं काढतो. थरथर शिरणार कुठून?

शेवटी त्यानं मला आयत काढायला लावला. मी 'एफ ८' सुरू ठेवून चार रेघा काढल्या आणि शेवटचा कोपरा डोळ्यानं जुळवला. झकास दिसत होता. त्यानं तो कोपरा मोठा केला. आणखी मोठा केला. दोन रेघांच्या मध्ये चांगली फट होती! "असं ड्रॉइंग पत्रा कापायच्या यंत्राला दिलं तर पत्रा वाया जाऊ शकतो, बाई. म्हणून टोकाला टोक पकडायची सोय असते. डोळ्यावर जायचं नाही."

मी बराच वेळ त्या फटीकडे बघत होते. मग विचारलं, "ती वही आठवते का रे?"

"आठवते की," तो म्हणाला. रागानं नाही, पण लगेच म्हणाला.

"माझं चुकलं तेव्हा," मी म्हटलं. तो नुसता मान खाली घालून चहा प्यायला. निघताना सॅकमधून त्यानं एक छापील कागद काढला. त्यानं केलेलं एका दाताळ्या चाकाचं ड्रॉइंग होतं ते. "बाई, आता किती द्याल?"

मी लाल पेन शोधून आणलं आणि कोपऱ्यात दहा लिहिले. आकड्याखाली रेघ ओढली. पट्टी न घेता. ती वाकडी आली.