खंडीभर म्हणजे किती?

पन्हाळा,
आषाढ, रविवार

चि. मुक्ता,


तू फोनवर सांगितलेलं सगळं वहीत उतरवून घेतलंय. स्पॅनिशमध्ये 'खूप' म्हणताना पुस्तकं असली की 'मूचोस', घरं असली की 'मूचास', आणि गोड, मोठं यांच्या आधी नुसतं 'मुय'. यात घाबरण्यासारखं काय आहे? आपलं 'थोडा, थोडी, थोडे' असंच बदलतं की. आपल्या 'लई'ला मात्र बदलणं ठाऊक नाही. लई पाऊस, लई माणसं, लई गोड. म्हणून वर्गात तुझा गोंधळ झाला.

पण जाता जाता तू विचारलंस, 'आजी खंडीभर कामं म्हणते, म्हणजे नक्की किती?' तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

खंडी म्हणजे वीस मण. लहानपणी तुला अंबरखान्यात नेलं होतं, आठवतं? गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात. 1660 साली सिद्दी जौहरनं गडाला वेढा घातला, महाराज चार महिने आत होते. गड धान्यावरही लढतो, बाळा.

माझ्या आईची पायली पितळेची होती. चार शेरांची. खळ्यावरून भात घरी आलं की ती मापायला बसायची. पहिल्या मापाला 'एक' कधी म्हणायची नाही, 'लाभ' म्हणायची. मग दोन, तीन. गड्याला द्यायचं माप शीग लावून, वरचे दाणे घरंगळेपर्यंत. घरातलं माप मात्र हातानं सपाट करायची. किलो कोणत्या साली आले ते आता सांगता येणार नाही, पण बाजारात किलो आले तरी आमच्या घरात बरीच वर्षं पायलीच चालली.

हल्ली तुझ्या मराठीत सगळ्यालाच 'खूप' येतं. खूप पाऊस, खूप भूक, खूप आठवण. पुष्कळ, रग्गड, बक्कळ, मायंदाळ कुठं गेले? स्पॅनिश मन लावून शीक, पण हेही जिभेवर राहू दे. आणि वेळेवर जेवत जा, फोनवर तुझा चेहरा उतरलेला दिसला.

पायली अजून माळ्यावर आहे. दिवाळीला आलीस की खाली काढू. पहिलं माप तू भर, आणि 'लाभ' म्हण.

तुझे आजोबा