पहिल्या तासाची झोप

या अंकात निकालाविषयी लिहायचे ठरवले होते. पण नववीच्या वर्गातली एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून आधी तीच सांगतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पहिल्या तासाला वर्गात गेलो, तर शेवटच्या बाकावर एक मुलगा चक्क झोपलेला. आम्ही त्याला तासभर उभे ठेवले आणि सर्वांसमोर 'कुंभकर्ण' म्हटले. मुले हसली. तेच त्याचे नाव पडले. आठवड्याभरात त्याने शाळेत येणे बंद केले.

त्याची आई भेटायला आली. म्हणाली, "सर, मोबाईल मी रोज नऊलाच कपाटात ठेवते. तरी बारापर्यंत त्याला झोपच येत नाही हो." आम्ही मनात म्हटले, लाड! १९८५ साली आमच्या इंदूरच्या गल्लीत दहाला सामसूम होई आणि पहाटे वडिलांची हाक येई. पांघरुणात विजेरी लावून आम्हीही कादंबऱ्या वाचायचो आणि प्रार्थनेला उभ्या उभ्या पेंगायचो, हे मात्र त्या वेळी सोयीस्करपणे आठवले नाही.

आमच्या आजीचे लग्न १९२८ साली, तेराव्या वर्षी झाले. मुलींसाठी किमान १४ वर्षे ठरवणारा शारदा कायदा लागू झाला १९३० मध्ये. परकर सुटला आणि लुगडे आले; मधले वय तिच्या वाट्याला आलेच नाही. पहाटे उठून ती जात्यावर बसायची. झोप पुरते का, हे तिला कोणी विचारले नसावे.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. बी.एड.ला 'किशोरावस्था' पाठ केली: वय १३ ते १९, आणि स्टॅनली हॉल यांनी १९०४ साली सांगितलेला वादळाचा काळ. आज जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे वय धरते. २०१८ मध्ये काही तज्ज्ञांनी ते २४ पर्यंत धरावे असे सुचवले, कारण मुले वयात लवकर येतात, पण शिक्षण, नोकरी, लग्न सारे लांबते. आमच्या पुस्तकात नव्हते ते हे की, या वयात झोप आणणारे मेलाटोनिन एक-दोन तास उशिरा स्रवू लागते, आणि झोप तर ८ ते १० तास हवी असते. बाराला झोपून सहाला उठणाऱ्याचा हिशेब पालकांनीच करावा. (मोबाईल निर्दोष आहे असे नव्हे, तो कपाटातच बरा.) कॅलिफोर्नियात २०१९ साली कायदा झाला आणि २०२२ पासून तिथली बहुतेक हायस्कुले साडेआठच्या आधी भरत नाहीत.

हे वाचल्यावर आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. अपमान वर्गात केला होता, म्हणून तो परत आल्यावर माफीही वर्गातच मागितली. ते नाव मात्र अजून पुरते पुसलेले नाही.

नववी-दहावीचे गणित आता पहिल्या तासाला नसते, तिसऱ्या तासाला असते. हे वर्ग सव्वासातऐवजी आठला भरवता येतील का, हा प्रश्न आम्ही कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मांडत आहोत. रिक्षांची अडचण आहे, दुपारच्या पाळीला खोल्या रिकाम्या करून द्याव्या लागतात हीही आहे. पालकांनी आपले मत कार्यालयात लेखी द्यावे. मुलांनीही द्यावे, नाव न लिहिता दिले तरी चालेल.