रेव

सहा वर्षं माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीच्या तळाला जाड चुरा होता आणि टाकीतल्या कुणाचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. मग मी कुर्ल्याहून एक गोबी आणला. हा मासा वाळू चाळून जगतो. तोंडभर वाळू उचलायची, कल्ल्यांतून बाहेर सोडायची, आत अडकतील ते बारीक जीव गिळायचे. माझ्याकडे चार-चार मिलिमीटरचे खडे. पहिल्या दिवशी त्याने एक घास घेतला आणि थुंकला. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरात पोट आत गेलं. दुकानदाराने तळाला काय आहे ते विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. मासा देखणा होता, तेवढं बघून पैसे मोजले. चूक माझी, खड्डा त्याच्या पोटाला.

टाकी चार फुटी, अडीचशे लिटरची, ठाण्यातल्या आमच्या बाहेरच्या खोलीत. 'क्रश्ड कोरल' म्हणून मिळणारा चुरा तीन इंच, म्हणजे पन्नासेक किलो. तो काढून बारीक वाळू घालायची, हे लगेच कळत होतं. हात मात्र धजेना, कारण हे काम मी पूर्वी एकदा केलं होतं.

तेव्हा टाकी दोन फुटी होती आणि उत्साह चार फुटी. वाळू कळकट दिसते म्हणून एका रविवारी मासे बादलीत काढले आणि सगळी वाळू घमेल्यात उपसली. तळातून काळा थर निघाला, कुजक्या अंड्यांचा वास स्वयंपाकघरापर्यंत गेला. संध्याकाळी टाकी नव्या भांड्यासारखी लखलखत होती. बुधवारी एक क्लाउन मासा गेला, शुक्रवारी दुसरा, मग निळा डॅमसेल. अमोनियाची चाचणी मी पहिला मासा गेल्यावर केली. परीक्षानळीतला हिरवा रंग इतका गडद होता की तक्त्याशी ताडून बघायचीही गरज पडली नाही.

माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. वाळूच्या कणाकणावर बसलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. मी ती सगळी वस्तीच एका दुपारी घमेल्यात भरून बाहेर ठेवली होती. वर काळ्या थरातली घाण ढवळून पाण्यात सोडली, ती वेगळीच. शिवाय खाऱ्या टाकीचा पीएच ८.२ च्या आसपास असतो. त्या पातळीला अमोनियाचा विषारी रूपातला वाटा कमी पीएचपेक्षा बराच जास्त असतो. गोड्या पाण्यात एखादे वेळी निभावून गेलं असतं, इथे नाही.

परदेशी जाणकार बिनदिक्कत सांगतात की वाळू एकदम काढा, जिवाणू खडकातही असतात. त्यांच्या टाकीपुरतं ते खरं आहे. त्यांच्याकडे समुद्रातून आलेला, भोकाभोकांचा जिवंत खडक असतो. आपल्याकडे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि तसं असणं योग्यच आहे. त्यामुळे माझ्या टाकीतले दगड भट्टीतून निघालेले, सिरॅमिकचे. त्यांच्यात घरं कमी, म्हणून भार तळावर जास्त. परक्या टाकीचा सल्ला आपल्या टाकीत ओतताना हे बघावं लागतं.

तेव्हा या वेळी घरात माणसं राहत असताना फरशी बदलतात तशी वाळू बदलायची ठरवली. तळाचे मनातल्या मनात चार भाग केले. दर तीन आठवड्यांनी एक.

वाळू आणल्यावर सासूबाईंनी पिशवी उचलून बघितली. त्या मालवणच्या. "दारात समुद्र, आणि रेव विकत?" किंमत ऐकून त्यांनी पिशवी खाली ठेवली. त्यांना सांगितलं की आपल्या किनाऱ्याची वाळू बरीचशी सिलिकाची, रत्नागिरी-मालवणकडे तिच्यात लोह आणि टायटॅनियमचं काळं इल्मेनाइट, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर आणखी काय काय मिसळतं ते बोलायला नको. ही पिशवीतली अॅरागोनाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तिच्यातले गोल दाणे बहामा बेटांजवळच्या उथळ पाण्यात गडगडत, थरावर थर चढून तयार होतात. "म्हणजे साबुदाणा," त्या म्हणाल्या. इतकं अचूक वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. (या वाळूने पीएच आपोआप टिकून राहतो, असं दुकानात सांगतात. टाकीच्या नेहमीच्या पीएचला ती जवळजवळ विरघळतच नाही. विश्वास ठेवू नये.)

वाळू तांदळासारखी धुतली. अकराव्या पाण्याला निवळ आली. शेवटचं पाणी आरओचं. मग पंप बंद करून पाऊण इंची पारदर्शक नळीने एक कोपरा सायफनने ओढला. चुरा, मळ आणि पाणी एकदमच बादलीत येतं, वर ढवळत नाही. दर खेपेला पंचवीस लिटर पाणी जायचं, तेवढं मीठ कालवून आदल्या रात्रीच तयार ठेवलेलं, लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबाने. रिकाम्या कोपऱ्याला अॅक्रिलिकच्या पट्टीचा बांध घातला. तो नसेल तर बारीक वाळू जाड्या खड्यांच्या खाली शिरते, खडे वर येतात आणि सगळी मेहनत कालवण होते. नवी वाळू पीव्हीसी पाइपातून थेट तळाशी सोडली. जुना चुरा दोन वाट्या जाळीच्या पिशवीत बांधून नव्या वाळूवर ठेवला. विरजण.

तरीही दोन दिवस पाणी ताकासारखं होतं. रोज रात्री अमोनिया तपासला. एकदा नळीत किंचित हिरवट झाक वाटली, तेव्हा माशांचं खाणं दोन दिवस बंद ठेवलं. ती झाक खरी होती की माझ्या धास्तीची, देव जाणे.

सुरुवात गोबी बसायचा त्याच कोपऱ्यापासून केली होती. पाणी निवळल्यावर तो नव्या वाळूच्या काठाशी आला, तोंड खुपसलं आणि दोन्ही कल्ल्यांतून पांढऱ्या धारा सोडल्या. मी घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. आनंदात एक गोष्ट विसरले होते. धुतलेल्या वाळूत खायला काहीच नसतं. जेवणाचं ताट स्वच्छ, पण रिकामं. पुढचे चार महिने ड्रॉपरने त्याच्या तोंडाशी आर्टेमियाचे बारीक जीव सोडत बसले, दिवसातून तीनदा. दुपारची पाळी सासूबाईंची. या कामात त्या माझ्यापेक्षा सरस निघाल्या, कारण त्या घाई करत नाहीत.

तीन भाग बदलून झाले. चौथा सिरॅमिकच्या दगडांखाली आहे. दगड हलवल्याशिवाय तिथे नळी पोचत नाही, आणि टाकीतली सगळ्यात जुनी वस्ती आता तिथेच आहे. गोबी रोज थोडी पांढरी वाळू नेऊन त्या चुऱ्यावर थुंकतो. तो कोपरा मी काढणार नाही.