मुक्कामी आहात ना?

प्रवासाला निघालेल्या माणसाचे निम्मे लक्ष गाडीच्या वेळेकडे असते आणि उरलेले निम्मे, रात्री पाठ कुठे टेकायची याच्याकडे. देवळे, किल्ले, धबधबे हे सारे नंतरचे. मी हे अनुभवाने सांगतो, कारण माझी सारी नोकरी फिरस्तीची. कारखान्यांतून दगड, कोळसा वाहून नेणारे लांबलचक रबरी पट्टे असतात, ते विकणे हा माझा उद्योग. त्यामुळे काश्मीर, उटी वगैरे स्थळे मी कॅलेंडरवरच पाहिली. जिथे धूळ, धूर आणि धक्के, तिथे आमचे गिऱ्हाईक! गडचांदूरला मी पहिल्यांदा गेलो तो 1986 साली, याच कामासाठी.

मुंबईहून निघायचे, वर्ध्याला गाडी बदलायची आणि अपरात्री बल्लारशाला उतरायचे. पुढची एस. टी. सकाळी. म्हणजे पहिला मुक्काम वेटिंग रूममधल्या लांब हातांच्या आरामखुर्चीवर. तिच्यात आराम सोडून सर्व काही असते, मुख्यतः ढेकूण. दिल्ली–मद्रास मार्गावरचे हे मोठे जंक्शन. दर थोड्या वेळाने एखादी मालगाडी धडधडत जाई आणि खिडक्यांची तावदाने थंडी भरल्यासारखी दात वाजवीत. उजाडले की वर्धा नदी ओलांडून राजुरा, आणि तिथून गडचांदूर.

राजुऱ्याचा हा मुलूख 1948 सालापर्यंत निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत तो मराठी मुलखाकडे आला आणि पुढे चांद्याला जोडला गेला. त्यामुळे बाजारात कान दिला तर मराठी, तेलुगू, गोंडी आणि दख्खनी वळणाची हिंदी एकाच पाटीतल्या भाजीसारखी मिसळून ऐकू येते. गावाच्या पाठीशी माणिकगडचा डोंगर. पोटात चुनखडीचा दगड, आणि शेजारी वर्धेच्या खोऱ्यात दगडी कोळसा. असा जोडा जमल्यावर कारखाने न येतील तर नवल. ऐंशीच्या दशकात ते आले, आणि आवारपूर, गडचांदूर ही नावे सिमेंटच्या पोत्यांबरोबर देशभर पोचली.

गावात एक लॉज होते. खाली लोखंडी सामानाचे दुकान, वर चार खोल्या. मालकाच्या वहीत 'येण्याचे कारण' असा एक रकाना होता आणि त्यात माझ्याआधीच्या सर्वांनी 'काम' एवढेच लिहिले होते. पहिल्या सकाळी आरशात पाहिले तो केस एका रात्रीत पिकलेले! हात फिरवला, तेव्हा ती धूळ आहे हे कळून जीव भांड्यात पडला.

पुढे धंद्यात बस्तान बसले तशी कारखान्यांची गेस्ट हाऊसेही पाहिली. तिथे हिरवळ, मच्छरदाणी, सकाळी ट्रेमधून चहा. मात्र तो मान माझा नव्हे, ऑर्डरीचा. ऑर्डर हाती असली की गेस्ट हाऊस, दुसऱ्या कंपनीला गेली की लॉज. माझ्या पत्रावरचा मुक्कामाचा पत्ता वाचून आमच्या सौ.ला घरबसल्या धंद्याची तब्येत कळे.

एकदा मात्र असे बिऱ्हाड मिळाले, की जिथे वही नव्हती आणि ऑर्डरही नव्हती. 1973 साली प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी हेमलकशाला जे काम सुरू केले, ते पाहायला आम्ही चौघे जीपने निघालो होतो. आल्लापल्लीचे सागवान मागे पडले, आणि भामरागडच्या अलीकडे जंगलात जीपने मान टाकली. जवळ माडियांची एक वाडी होती. त्यांची भाषा आम्हांला येत नव्हती, आमची त्यांना. एका म्हाताऱ्याने जीपकडे पाहिले, मावळत्या उन्हाकडे पाहिले आणि हाताने 'चला' अशी खूण केली. नेले ते गोटुलात. शहरात गोटुल म्हटले की लोक डोळे मिचकावतात. बस्तरच्या मुरियांवर व्हेरियर एल्विन यांनी 1947 साली मोठा ग्रंथ लिहिला, तो न वाचता नुसता ऐकल्याचा हा परिणाम. आम्ही पाहिले ते लाकडी खांबांचे, शेणाने सारवलेले, गावाचे सामाईक घर. आल्यागेल्याने उतरायचे तेही तिथेच. थोड्या वेळाने कुणी तांदूळ आणून ठेवले, कुणी सरपण, कुणी मडके. नाव, गाव, कारण कुणी विचारले नाही. सकाळी पैसे पुढे केले तर म्हातारा आमच्याकडे असा पाहू लागला, की आम्हीच ओशाळलो.

पण मला सांगायची आहे ती गडचांदूरचीच एक रात्र. साल 1990, पंधरा ऑगस्टच्या आगेमागे. माणिकगडच्या दरवाजावर नाग कोरला आहे हे मी घरी इतक्या वेळा सांगितले होते, की सौ. आणि पाच वर्षांची मुलगी दोघी हट्टाने बरोबर आल्या. त्यांना लॉजवर कसे न्यावे? म्हणून मोठ्या खटपटीने गावाजवळच्या एका सरकारी बंगल्याची चिठ्ठी मिळवली. कोणत्या खात्याचा ते सांगत नाही; सर्व खात्यांचे बंगले आणि चौकीदार सारखेच असतात. पहिला दिवस सुखाचा गेला. दुसऱ्या दिवशी पावसाने जे धरले ते सोडीना. राजुरा–बल्लारपूरच्या मधला वर्धेचा पूल पाण्याखाली गेला. त्या पुलाचे हे नेहमीचेच. आम्ही अडकलो, आणि संध्याकाळी मुलीचे अंग तव्यासारखे तापले.

पूर आला की अडकणारे आपण एकटेच नसतो. साहेबलोकही अडकतात. रात्री आठला चौकीदार दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब येऊन राहिले जी. खोली खाली करा लागते." मी चिठ्ठी दाखवली, मुलीचे कपाळ दाखवले. तो गरीब माणूस. त्याने कपाळाला हात लावून पाहिला आणि खाली मान घालून आमचीच ट्रंक उचलली.

अंगावर रेनकोट टाकून मी मुलीला खांद्याशी धरले होते. लॉज ट्रकवाल्यांनी भरून गेले होते. एस. टी. स्टँडवर मुक्कामी आलेल्या गाडीत ड्रायव्हर-कंडक्टर झोपण्याच्या तयारीत होते, त्यांनी मागचे बाक देऊ केले. तेवढ्यात छत्री धरून एक जोडपे चालले होते. त्यातली बाई थांबली. "काहून फिरता जी पान्यात? पोरीले ताप दिसते. चाला घरी."

तो माणूस शाळामास्तर होता. घर दोन खोल्यांचे, त्यात त्यांची दोन मुले आणि म्हातारी आई. गुरुजी मूळचे मराठवाड्यातले. 1972 च्या दुष्काळानंतर तिकडची कितीतरी कुटुंबे जमिनीच्या आशेने या माणिकगडच्या पहाडावर आली, त्यांतलेच एक. ते मला पुढे सांगितले ते त्यांनीच: पहिले चार महिने त्यांचे कुटुंब एका अनोळखी माणसाच्या ओसरीवर राहिले होते. त्या रात्री मात्र बोलणे फार झाले नाही. घरात मच्छरदाणी एकच होती, ती त्यांनी स्वतःच्या मुलांवरून काढून आमच्या मुलीवर लावली. या मुलखात मच्छरदाणी काढून देणे म्हणजे काय, हे हिवतापाच्या जंगलात राहणाऱ्यालाच कळेल. वहिनी रात्रभर कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवीत बसल्या. सौ.ने उठवले, तरी उठेनात. पहाटे घाम येऊन ताप उतरला. सकाळी भाकरी, वरण आणि जवसाची चटणी. तीन दिवसांनी पूल उघडला तेव्हा आम्ही निरोप घेतला. "मुंबईला या," मी अगदी मनापासून म्हणालो. "आमचे घर तुमचेच आहे."

2001 साली त्यांचे पत्र आले. वहिनींच्या गाठीची तपासणी आणि उपचार मुंबईला करायचे ठरले आहेत, दीड-दोन महिने लागतील, काय करावे? पत्रात 'तुमच्याकडे उतरू' असे कुठेही लिहिलेले नव्हते.

आमचेही घर दोनच खोल्यांचे. मुलीचे दहावीचे वर्ष होते. डोंबिवलीहून परळला लोकलने आजारी माणसाला रोज कसे नेणार? ही सर्व कारणे खरी होती. आजही एकेक करून तपासतो, तेव्हा त्यांतले एकही खोटे निघत नाही. मी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी केली, खटपट केली, आणि तिथे त्यांची सोय झाली. गाडगेबाबांनी आयुष्यभर लोकांकडून पैसे गोळा केले आणि देवळांऐवजी नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. दादरची ही धर्मशाळा परगावाहून उपचाराला आलेल्या रोग्यांसाठी आहे. स्वच्छ, शिस्तीची जागा. मी दोनदा भेटायला गेलो, सौ. चारदा डबा घेऊन गेली. वहिनी म्हणाल्या, "लई चांगली सोय केली जी तुम्ही. इथे सगळे आपल्यासारखेच दुखणेकरी. मन रमते." त्या हसून बोलत होत्या आणि मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होतो, कारण सहा वाजल्यानंतर लोकलला गर्दी होते.

वहिनी बऱ्या होऊन गेल्या. दिवाळीला त्यांचे पत्र येत राहिले. मी उत्तरे लिहीत राहिलो, पण ती दरवर्षी थोडी आखूड होत गेली.

गेल्या हिवाळ्यात मुलीने ताडोब्याचा बेत काढला. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालेले हे जंगल 1995 पासून व्याघ्रप्रकल्पात आहे, आणि त्याच्या वेशीवर आता तंबूपासून तरणतलावापर्यंत हरतऱ्हेची बिऱ्हाडे मिळतात. मोहर्लीकडच्या एका रिसॉर्टात दोन रात्रींचे पैसे आगाऊ भरले. जितके भरले तितक्यात 1986 साली त्या लॉजवर मी वर्षभर राहिलो असतो. वाटेत मुलगी म्हणाली, "बाबा, आधी गडचांदूर." मी म्हणालो, वाट वाकडी होईल. तिने ड्रायव्हरला सांगूनही टाकले होते.

घराला आता वर एक मजला आहे. गुरुजी निवृत्त झाले आहेत आणि कानाने थोडे कमी झाले आहेत. वहिनींनी मुलीकडे बराच वेळ पाहिले, मग सरळ तिच्या कपाळाला हात लावला, जणू मधली वर्षे गेलीच नव्हती. चहा झाला. मी दोनदा घड्याळाकडे पाहिले, तिसऱ्यांदा पाहणार तोच वहिनी म्हणाल्या, "मुक्कामी आहात ना?"

मी खाकरलो. रिसॉर्ट, आगाऊ पैसे, सकाळची सफारी, सगळी कारणे पुन्हा एकदा खरी होती.

"आहोत, काकू," मुलगी म्हणाली आणि बॅगा आणायला बाहेर गाडीकडे गेली. गुरुजींना नीट ऐकू आले नव्हते. ते माझ्याकडे वळून विचारू लागले, "काय म्हणते पोरगी?" मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितले, "राहतोय म्हणते." वहिनी तोवर पेटीचे झाकण उघडून मच्छरदाणी शोधू लागल्या होत्या.