सामंताच्या खिशातील कादंबरी

भविष्यकालीन न्यायालय कल्पिताना विज्ञानकथेने बहुधा यंत्राला न्यायासनावर बसविले आहे. पुण्यात ते आधी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आले. पूर्वी ज्याच्याशी विवाह ठरला होता त्या तरुणाला प्रसादातून विष दिल्याचा आरोप एका विद्यार्थिनीवर होता. १२ जून २००८ रोजी सत्र न्यायालयाने तिला दोषी ठरविले, आणि निकालपत्रात इतर पुराव्यांबरोबर तिच्या मेंदूच्या विद्युत्-स्पंदनांच्या चाचणीचाही आधार घेतला. चाचणीच्या वेळी तिच्या डोक्याला ३२ इलेक्ट्रोड लावलेले होते. तिने काहीही बोलावयाचे नव्हते. फक्त ऐकावयाचे होते. ऐकविलेली वाक्ये प्रथमपुरुषी होती. आपण विष विकत घेतले, आपण त्याला भेटलो, अशी ती तिच्याच तोंडची असावीत तशी रचलेली; मधूनमधून आकाश निळे असल्यासारखी निरुपद्रवी विधाने. कोणत्या वाक्यामागे प्रत्यक्ष ‘अनुभव’ आहे, हे संगणकाने सांगावयाचे.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे थबकावयास हवे. वाक्य रचले तपासयंत्रणेच्या कथनावरून, उच्चारले तिसऱ्याच व्यक्तीने, आणि त्यातील ‘मी’ मात्र मुकाट बसलेल्या आरोपीचा. लेखक, निवेदक आणि पात्र यांची अशी फारकत प्रयोगशील कादंबरीतही विरळाच. आरोपीचा विश्वासघात येथे मित्र किंवा माफीचा साक्षीदार करीत नाही. तो तिच्या स्मृतीनेच करावा अशी व्यवस्था आहे.

मराठी रंगभूमीला ही व्यवस्था अगदीच अपरिचित नव्हती. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकातील मंडळी खेड्यात येतात ती अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल अभिरूप खटला चालविण्यासाठी. म्हणजे मुळात नियोजित खटला विज्ञानयुगाचाच. तो बाजूला राहतो आणि वेळ घालविण्यासाठी बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा खोटा खटला उभा राहतो. यात निर्णायक ठरते ती सामंताची साक्ष. हा गावातला साधा माणूस. बेणारेबाईंविषयी त्याला काहीच ठाऊक नाही. म्हणून तो खिशातील कादंबरीचा आधार घेतो आणि दामल्यांच्या खोलीबाहेर ऐकलेले म्हणून एक संभाषण रचून सांगतो. ते ऐकताना बेणारेबाई अस्वस्थ होतात. कल्पित मजकूर, तो ऐकणारी आरोपी, तिच्या चर्येवर खिळलेल्या नजरा आणि तिच्या विचलित होण्याला आलेले पुराव्याचे मोल : २००८च्या चाचणीचे सारे घटक येथे इलेक्ट्रोडविना जमले आहेत. या प्रसंगाकडे सामंताच्या भाबडेपणाचा विनोद म्हणून पाहणे अपुरे आहे. नाटकाची खरी क्रूरता इथेच आहे. (तेंडुलकरांचे निधन पुण्यातच, १९ मे २००८ रोजी झाले. त्यानंतर चोवीस दिवसांनी हा निकाल लागला. योगायोगाला अर्थ चिकटवू नये, पण तो नोंदवावासा वाटतो.)

याच्या उलट टोकाला आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ (१९६२). लखोबा लोखंडे साक्षीमागून साक्ष नाकारीत जातो. त्याचा ‘मी’ कोणाच्याही हाती लागत नाही आणि प्रेक्षकाची उत्कंठा त्या निसटण्यावरच पोसली जाते. समजा, लखोबाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले. नाटक पहिल्या अंकातच संपेल. फिलिप के. डिकच्या ‘द मायनॉरिटी रिपोर्ट’ (१९५६) या कथेत भविष्य पाहणारे तिघे आहेत आणि त्यांचे अहवाल एकमेकांशी जुळत नाहीत; उत्कंठा टिकते ती त्या विसंगतीमुळे.

मराठी विज्ञानकथेत न्यायालय फारसे का आले नाही, याचेही उत्तर बहुधा येथेच मिळते. १९७४ साली जयंत नारळीकरांच्या ‘कृष्णविवर’ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले, पुढे या साहित्यप्रकाराला प्रतिष्ठा लाभली, वाचक लाभला. तथापि तिच्या सर्वसाधारण रूपबंधात शेवटचा शब्द शास्त्रज्ञाचा असतो. कोडे पडते, उलगडा होतो, उलगड्याची उलटतपासणी होत नाही. विज्ञानाचा प्रसार हे प्रयोजन मानले तर हे स्वाभाविक आहे. नाट्य मात्र त्यामुळे हरवते.

उलटतपासणी झाली ती सर्वोच्च न्यायालयात. ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या प्रकरणात न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या चाचण्या संमतीविना करणे घटनाबाह्य ठरविले. आरोपी बोलत नसली तरी तिच्या मेंदूचा प्रतिसाद ही तिची साक्षच आहे, आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती अनुच्छेद २०(३)नुसार कोणावरही करता येत नाही, असा या निर्णयाचा गाभा. मौनालाही उक्तीचा दर्जा देणारा हा निर्णय साहित्यमीमांसेने अजून पुरता वाचलेला नाही.

बेणारेबाईंना असे संरक्षण नव्हते. दोन्ही बाजूंचे वकील सुखात्मेच. न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्ष देण्यास उतरतात. शेवटी तिला बोलण्यासाठी दहा सेकंद मिळतात. त्यांत तिचे दीर्घ स्वगत घडते आणि भोवतालची पात्रे थिजलेली राहतात, त्यांतल्या कोणालाही ते ऐकू जात नाही. ज्याने तिचा खरा विश्वासघात केला तो प्रोफेसर दामले नाटकभर रंगमंचावर येतच नाही. त्याच्यासमोर कादंबरी वाचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.