तांदूळ कोणता हवा?

सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभेत एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येकाने बंद मूठ आत घालायची आणि उघडून बाहेर काढायची. कुणी पाचशे टाकले, कुणी दहा, कुणाची मूठ रिकामीच गेली, शेजारच्यालाही कळत नाही. वसईतल्या आमच्या धर्मग्रामात मी सभासद झालो, तेव्हा मला आधी ही पिशवी आवडली. नाहीतर चर्चला पंखा दिला तरी पात्यावर नाव रंगवून घेणारी माणसं आहेत. पंखा फिरायला लागला की ते वाचता येत नाही, हा भाग वेगळा.

संस्था मूळची पॅरिसची. 1833 साली फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र गरिबांच्या घरी जाऊ लागले. तिथल्या गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांद्यू यांनी त्यांना घरं दाखवली, तिथं कसं वागायचं तेही शिकवलं. आजही आमची रीत तीच: मदत पाठवायची नाही, दोघांनी मिळून घेऊन जायची. आणि कुणाकडे गेलो ते बाहेर बोलायचं नाही.

माझ्या जोडीला एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. सगळे त्यांना काका म्हणत. एकट्या राहणाऱ्या एका आजींकडे आम्ही शिधा घेऊन गेलो. आजींनी मूठभर तांदूळ तळव्यावर घेतले, दाराच्या उजेडात धरले, दाण्यांतून बोट फिरवलं.

"मागच्या वेळचेच ना? भाताचा नुसता गोळा होतो. तुम्ही घरी हेच खाता का रे?"

मी तोंड उघडायच्या आत काकांनी खिशातून डायरी काढली. "नाही आजी, आम्ही कोलम खातो. तुम्हालाही तोच आणतो. आणखी काय?"

त्या 'आणखी काय'मध्ये जराही खोच नव्हती. मग त्यांनी आजींना पाय कोमट पाण्यात बुडवायला लावले आणि जमिनीवर बसून नखं कापायला घेतली. जाड, पिवळी पडलेली नखं नेलकटरमध्ये मावेनात. काका छोट्या कात्रीने कडेकडेने कापत होते आणि आजी "हळू रे मेल्या" म्हणून दटावत होत्या. पवित्र गुरुवारी चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतले जातात, पण तिथं सगळे घरूनच पाय घासून आलेले असतात.

परतताना मी म्हटलं, "आभार राहिले बाजूला, वर बोलणी!"

काका सायकलचं कुलूप काढत म्हणाले, "परक्याच्या तांदळाला कोण नावं ठेवतं? गप घेतात आणि आत नेऊन ठेवतात."

नाताळात शिध्याच्या पिशव्या वाटताना फोटो काढतात, तेव्हा मी आता घेणाऱ्यांचे चेहरे पाहतो. तिथं तांदूळ चिकट आहे असं म्हणायची सोय कुणालाच नसते.

पुढच्या खेपेला कोलम नेला. आजींनी तो पसंत केला आणि तूरडाळ शिजायला फार वेळ लागते, गॅस काय फुकट येतो का, असं विचारलं. काकांनी डायरी काढली.